झाडावरनं पडणारं भूत

तो भुताचा विनोदी पिक्चर आठवतोय न्हवं? त्याच्या दुसऱ्या भागाला मला परत नेऊ नगासा. पहिल्याचं शूटिंग पन्हाळ्यावर झालतं, तवा आमचा दोस्त संज्या त्यात भूत झालता. पुढं तो ट्रकखाली गेला. नव्या भागात त्याचाच जुना तुकडा घातलाय कळलं, म्हणून त्याच्या आईला घेऊन गेलतो. संज्या झाडावरनं धपकन पडला आणि सगळं थेटर हसून लोळलं. पिक्चर संपला तरी मावशी उठंनात.

डोअरकीपर म्हणाला, “मावशी, खेळ संपला की.”

“ते झाडावरनं पडणारं पोरगं पुढच्या खेळाला बी येतंय?”

“व्हय की, प्रत्येक खेळाला येतंय.”

“मग मी हितंच बसते.”