उजवं चाक

मी सुनंदा, मूळची वर्ध्याकडची. वडील शाळेत शिपाई, माय चार घरची कामं करायची, आणि दहावी झाल्यावर मला इकडे पुण्याला, बिबवेवाडीत दिलं. आमच्या ह्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं, आपण बसलोय तेच. काम फक्त ब्रेकचं. इंजिनाचं काही घेऊन कोणी आलं तर हे सरळ सांगायचे, गाडी पळवायचं दुसरीकडे बघा, थांबवायचं माझ्याकडे.

आता काय सांगू तुम्हाला ताई, जुन्या गाड्यांचे मागचे ब्रेक डब्यासारखे बंद असतात, ड्रम म्हणतात, आत लायनरचं अस्तर घासून घासून बारीक राखाडी पूड साठते, आणि ड्रम उघडला की हे हवेचा पाइप लावून ती पूड उडवायचे, सगळेच उडवायचे. ह्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या आणि मी हसायची. घरी आले की शर्ट मी दारात झटकायची, मग धुवायची. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मीही गॅरेजात यायला लागले, लायनरला रिवेट मारायला शिकले, मग हळूहळू सगळंच शिकले.

नारायण पेठेतले एक सर आहेत, गणित शिकवून रिटायर झालेले, त्यांच्याकडे वडिलांची जुनी गोल दिव्यांची मोटार. पुढची चाकं कधीच डिस्कची, म्हणजे उघड्या चकतीच्या ब्रेकची, करून घेतलेली, मागे ड्रमच. बायकोला घेऊन खडकवासल्याला गेले, पावसात ड्रममध्ये पाणी शिरलं आणि उतारावर गाडी थांबेना, कठड्याला घासत थांबली. दुसऱ्या दिवशी आले नि ह्यांना म्हणाले, अहो, मागची चाकं माझं ऐकत नाहीत, तसं घरीही कोणी ऐकत नाही, पण घर उतारावर नाही. मागेही डिस्क बसवा. हे तयार होईनात. वडिलांची गाडी आहे, आहे तशी राहू द्या, लायनर नवे टाकतो. दोन वर्षं दोघांचा हाच वाद.

मग ह्यांना दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग बोलताना. डॉक्टरांनी विचारलं काम काय करता, आणि ऐकून पेन खाली ठेवलं. म्हणाले, जुन्या लायनरमध्ये दगडाचा धागा, अॅस्बेस्टॉस, असायचा, त्याची पूड फुप्फुसात बसली की निघत नाही. मी विचारलं, औषध? तर म्हणाले, त्रास कमी करू आपण. रिक्षात हे म्हणाले, सरांना फोन लाव. डिस्क बसवू. तो ड्रम परत कोणी उघडायला नको.

काम मी केलं. हे दारात खुर्चीवर, नाकाला नळी, ऑक्सिजनचं मशीन शेजारी. तोंडाला बांध, आधी पाण्यानं भिजव, फुंकू नकोस, असं दर दोन मिनिटांनी. डिस्कचा चिमटा, कॅलिपर म्हणतात, तो बसवायला लेथवाल्याकडून पट्टी करून आणली, ती कमी भरली, हे मला ओरडले, मी त्यांना ओरडले, आणि बरं वाटलं हो, आधीसारखं वाटलं. हँडब्रेकची वायर नव्यानं ओढली. डावं चाक झालं. हे भिंत धरून उठले, डिस्क हातानं फिरवून बघितली, म्हणाले, चांगलं केलंस. उद्या उजवं.

पहाटेच दवाखान्यात न्यावं लागलं. आठव्या दिवशी गेले.

जलदानविधीला सर आले, मागे सतरंजीवर बसले, गाडीचा विषय नाही. गाडी इथंच, एक बाजू नवी, एक जुनी, तशी चालवता येत नाही, एकीकडे ओढते. दीड महिना मी हात लावला नाही. शेवटी मीच फोन केला, सर, तुम्ही विचारत का नाही? म्हणाले, मला कुठं जायचंय? तुम्ही सावकाश घ्या.

त्या दिवशी उजवा ड्रम भिजवला. खाली घमेलं ठेवलं होतं, त्यात राखाडी पाणी उतरलं, दोन वाट्या असेल. मी बघतच बसले. एवढ्याशा चिखलानं माझा माणूस नेला, आणि तीच पूड मी शर्टावरून हातानं झटकत होते, लेकीच्या अंगावर उडत असेल तरी झटकत होते.

सगळं बसवलं, आता ब्रेकच्या तेलाच्या पाइपातली हवा काढायची, त्याला दोन माणसं लागतात, एक पेडल दाबायला, एक खाली चाकापाशी. तीस वर्षं पेडलवर मी आणि खाली हे. दाब, धर, सोड. सरांनाच बोलावलं. मी खाली झोपले आणि म्हणलं, दाबा, धरा, आणि पुढचा शब्द तोंडातून फुटेना. सर पाय दाबून बसून राहिले, सत्तरी ओलांडलेला माणूस. किती वेळानं मी म्हणलं, सोडा. मग परत, दाबा, धरा.

गाडी उतारावर सरळ थांबते आता. सर मला दाखवायला घेऊन गेले होते, त्यांच्या बाई मागच्या सीटवर.

मुलगी म्हणते, बंद कर आई. माझ्याही एक्स-रेत डाग आहे, सहा महिन्यांनी परत काढायचाय. मी सकाळी शटर उघडते, आणि या रस्त्याला जिथं जिथं हवेचा पाइप दिसतो तिथं जाऊन सांगते, बाबांनो, भिजवा आधी. काही जण हसतात. एकानं परवा बादली आणलीय. राग कोणावर धरू? आम्हाला कोणी सांगितलं नाही, आम्ही कोणाला विचारलं नाही. जाऊ द्या. चहा घ्या, गार होतोय. तुमची माणसं तुम्हाला पुरोत, ताई.