दक्षिणमुखी दारावरची घासाघीस

सांगते तुम्हाला, आजही आठवलं की डोकं तापतं. अठ्ठ्याण्णवची गोष्ट. पाथर्डी फाट्याजवळचं ते रो-हाऊस मला इतकं आवडलं होतं, की लेकीचा झोपाळा कुठे टांगायचा तेही ठरवून झालं होतं. मालक साडेपाच लाख म्हणत होते, आमची धाव पाचपर्यंत. साडेचार म्हणावं तर ते चिडतील, पाच म्हणावं तर आपणच फसू, म्हणून मीच शक्कल लढवली. वास्तुशास्त्रावर माझा काडीचाही विश्वास नाही, तरी गंभीर चेहऱ्याने म्हटलं, "काका, दार दक्षिणेला आहे हो. पावणेपाच देऊ."

काका जरा घुटमळले. "बरं, पाच द्या. घर तुमचं."

मी हो म्हणणार, तोच मनमाडहून खास घर बघायला आलेल्या सासूबाई ताडकन उठल्या. "दक्षिणेला? मग फुकट दिलं तरी नको!"

"अहो आई, मी उगाच म्हटलं!"

"उगाच कसं? दार काय तुझ्या म्हणण्याने फिरलं?"

अन् आमचे हे! आईच्या मागोमाग चपला घालून फाटकाबाहेर!

काकाच मला समजावू लागले, "पोरी, आम्हीही घेताना हेच बोलून भाव पाडला होता. फक्त आईला घरी ठेवून आलो होतो."