फौजदाराची अंडी

ताई : पांघरूण बाजूला कर.

धाकटा : नको ताई. हवा लागेल.

ताई : कुणाला?

धाकटा : अंड्यांना.

वहिनी : सकाळपासून असेच पडून आहेत, वन्सं. चहासुद्धा मी बशीने पाजला.

ताई : वीस दिवसांपूर्वी मी लेकीकडे गेले तेव्हा अंड्यांवर कोंबडी बसली होती. परत येते तर माझा भाऊ बसलाय. मधे काय झालं, तेवढं सांग.

धाकटा : कोंबडी आजारी पडली. नुसती फुगून बसायची, खायची नाही, हात लावला की चोच मारायची.

ताई : त्याला खुडूक म्हणतात. खुडूक झाली की कोंबडी अंडी उबवते. म्हणून तर टोपलीसकट तुझ्याकडे ठेवली होती तिला.

वहिनी : मी सांगितलं होतं. हे म्हणाले, तुम्हा बायकांना जिकडेतिकडे बाळंतपणंच दिसतात.

धाकटा : मी मोबाइलवर विचारलं. गार पाण्यात बसवा, असं आलं.

ताई : आणि लाँड्रीवाल्याला तेवढंच पटलं.

वहिनी : कपड्यांच्या टबात बुडवली. नंतर पिळायला निघाले होते, मी हात धरला.

धाकटा : पिळत नव्हतो. निथळवत होतो.

ताई : इस्त्री तेवढी राहिली.

धाकटा : पण बरी झाली की. अंगणात हिंडतेय बघ.

ताई : हिंडणारच. तिच्या डोक्यातून पोरं गेली, आता तिला काय काम आहे? ती अंडी दे इकडे. उबवायच्या अंड्यांवर मी पेन्सिलीने फुली मारली होती, खायच्या अंड्यांत जाऊ नयेत म्हणून. फुल्या कुठायत?

वहिनी : धुतल्या.

ताई : फुल्या?

वहिनी : अंडी. साबण लावून. टोपलीतली आधी, मग खायची.

धाकटा : दुकानाचं नाव आहे, ताई. आपल्याकडून डाग घेऊन काही परत जात नाही.

ताई : फौजदाराला मुंगसाने नेलं, ते कळलं ना तुला?

धाकटा : ऐकलं. वाईट झालं. कोंबडा चांगला होता.

ताई : चांगला नव्हता. पोस्टमनच्या पोटऱ्या फोडायचा. पण हे गेल्यापासून घरात माझ्यावर ओरडणारं दुसरं कोणी नव्हतं. त्या टोपलीतली अंडी त्याची शेवटची.

धाकटा : म्हणून तर सगळीच घेऊन झोपलोय. फौजदाराचं कुठलं आणि ऑम्लेटचं कुठलं, ओळखूच येईना.

ताई : बॅटरी आण गं, आणि खिडकी लाव. अंड्यामागे उजेड धरला की आतलं दिसतं. पिल्लू असेल तर काळोख, नसेल तर लख्ख.

(खिडकी बंद होते. बॅटरी लागते.)

वहिनी : हे लख्ख.

ताई : हेही.

वहिनी : याच्यातही नुसता बलक.

ताई : दुसऱ्या काखेतलं काढ. लख्ख. म्हणजे सकाळपासून तू नाश्ता उबवतोयस.

धाकटा : असं कसं होईल?

ताई : तेच मी विचारतेय. माझी अंडी कुठायत?

धाकटा : थांब. टोपलीतली धुतल्यावर ओली होती. नुकत्याच इस्त्री केलेल्या कोटात ऊब असते, म्हणून खिशांत ठेवली. मग खायची धुतली. गिऱ्हाईक आलं म्हणून पुढे गेलो. परत येतो तर कोट नव्हता आणि ओट्यावर अंडी होती. म्हटलं, हिने खिशातून काढून ठेवली असतील.

वहिनी : मी कशाला काढू? ओट्यावरची तुमचीच, खायची. कोट वकीलसाहेबांचा. ते आले, अंगात चढवला आणि कोर्टात गेले.

ताई : खिशात अंडी आहेत हे माणसाला कळत नाही?

वहिनी : त्यांचे खिसे मीच रिकामे करते, वन्सं. मागे एकदा कुणाची तरी कवळी निघाली. म्हणाले, अरे, इथे होय. अंडी त्यांना कुठली जाणवायला?

धाकटा : ताई, त्यांचाच फोन येतोय.

ताई : मग उचल. अंड्यांवरून उठ आणि उचल.

धाकटा : बोला साहेब... नाही नाही, खिशात हात घालू नका... आवाज? कसला आवाज?... पक्षकारालाही येतोय?

ताई : दे इकडे. नमस्कार साहेब. मी लाँड्रीवाल्याची बहीण. कोट काढू नका... उकडतंय? उकडू दे, चांगलं असतं ते... तसेच बसा. न्यायाधीश आले तरी एकदम उठू नका, सावकाश उठा... निघालेच मी. फक्त तो फोन जरा खिशाजवळ धरा.

वहिनी : चला वन्सं, रिक्षा बघते मी. ठेवा आता तो फोन.

ताई : थांब जरा. ओरडतंय माझ्यावर.