शोभाच्या चार ओळी

चारुता: मग 'हसतमुख' लिहू का?

जयप्रकाश: कोण हसतमुख?

चारुता: दामोदरकाका. लायडनचे सबनीसकाका.

जयप्रकाश: दाम्या? अगं, दाम्या हसला की आम्ही आधी विचारायचो, कुणाचं वाईट झालं म्हणून. खोडून टाक ते.

चारुता: काका, श्रद्धांजलीचं पान आहे. मंडळाच्या दिवाळी अंकात जाणार. काहीतरी चांगलं लिहायला हवं ना. आणि आमच्यापैकी कुणी त्यांना नीट ओळखतच नव्हतं. आम्ही पुण्याहून आलो तेव्हा ते ऑलरेडी व्हीलचेअरवर होते. म्हणून कमिटी म्हणाली, काकांकडे जा. या पानावरच्या तिघांनाही ओळखणारे तेवढेच उरलेत.

जयप्रकाश: उरलेत, असं म्हणाली कमिटी?

चारुता: सॉरी काका. तसं नव्हतं म्हणायचं मला.

जयप्रकाश: बरोबरच आहे. उरलोय. चहा घे, गार होतोय. साखर कमी असेल, मला अजून अंदाज येत नाही.

चारुता: छान झालाय. सांगा ना, मी टाइप करते. तुम्ही बोलाल तसंच.

जयप्रकाश: लिही. दामोदर सबनीस भांडखोर माणूस होता.

चारुता: काका!

जयप्रकाश: पुढं तर ऐक. मंडळाचा गणपती समुद्रात सोडायचा की बादलीत, यावरून तो माझ्याशी बोलायचा बंद झाला. दोन वर्षं. मग माझी नोकरी गेली. शिपयार्ड बंद पडलं, आम्ही सगळे फिटर घरी बसलो. एक दिवस दारात तांदळाचं पोतं. बेल नाही, चिठ्ठी नाही. शोभानं खिडकीतून बघितलं, दाम्या सायकल ढकलत चालला होता.

चारुता: मग तुम्ही बोललात त्यांच्याशी?

जयप्रकाश: छे. तांदूळ खाल्ला. बोललो पुढच्या गणपतीला. तेही भांडायलाच.

चारुता: हे लिहिते. हे मस्त आहे.

जयप्रकाश: मस्त काय त्यात. आणि हेही लिही, की मुलांशी घरात डच बोला, हे त्यानंच काढलं. मुलं मागं पडतील म्हणायचा. तो शिकलेला, लॅबमध्ये कामाला, त्यामुळं सगळ्यांनी ऐकलं. शोभानं नाही ऐकलं. ती आमच्या धवलशी मराठीच बोलायची. म्हणून त्याला कळतं तरी. वाचायचं मात्र राहून गेलं. बाराखडीचं पुस्तक आणलं होतं तिनं सांगलीहून. पण शनिवारी फुटबॉल असायचा.

चारुता: माझीही लेक तशीच आहे हो. मी मराठीत विचारते, ती डचमध्ये उत्तर देते. बरं, वृंदाकाकू. ब्रेडाच्या. त्यांच्याबद्दल?

जयप्रकाश: वृंदावहिनी सगळ्यांचे वाढदिवस तिथीनं पाळायची. माझा कागदावर जूनमध्ये आहे, तिचा फोन कधी मेमध्ये यायचा, कधी जूनमध्ये. "भावजी, आज तुमची तिथी, गोड खा." धवलच्या बायकोची, मारायकेचीसुद्धा तिथी काढून ठेवली होती. ती पोर गोंधळायची. म्हणायची, माझा वाढदिवस तर पुढच्या आठवड्यात, या बाई दर वेळी वेगळ्याच दिवशी का फोन करतात?

चारुता: किती गोड!

जयप्रकाश: मारायकेला वाटायचं, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण वहिनी गेली तेव्हा तीच सगळ्यात जास्त रडली.

चारुता: आता कोण करणार असे फोन.

जयप्रकाश: कोण करणार. माझी तिथी मलाच माहीत नाही. शोभाला होती, वहिनीला होती. दोघी गेल्या.

चारुता: ॲप आहे काका. जन्मतारीख टाकली की तिथी येते.

जयप्रकाश: ॲप 'गोड खा' म्हणतं का?

चारुता: नाही.

जयप्रकाश: मग राहू दे.

चारुता: शोभाकाकूंचं तुम्ही सांगाल ते. कमी-जास्त झालं तरी चालेल, मी पान ॲडजस्ट करते.

जयप्रकाश: मला जास्त नको. चार ओळी. ठरवून ठेवल्यात मी.

चारुता: सांगा.

जयप्रकाश: शोभा जयप्रकाश गाडगीळ, माहेर सांगली. चाळीस वर्षांच्या वर फोरबर्गमध्ये राहिली. शेवटी तिनं पाणी मागितलं. ते कुणाला कळलं नाही. घेतलंस का लिहून?

चारुता: घेतलं. काका, म्हणजे काय? नर्सिंग होममध्ये?

जयप्रकाश: हो. झटका आला त्यानंतर तिचं डच गेलं. इतक्या वर्षांचं, सगळंच्या सगळं. इथल्या बायकांना शिवण शिकवायची ती डचमधून, पण एक शब्द राहिला नाही. मराठी तेवढी राहिली, तीही थोडी. उजवा हात उचलत नव्हता. तहान लागली की म्हणायची, पाणी. मी रोज सकाळी जायचो ते रात्री झोपेपर्यंत. मीच पाजायचो, चमच्यानं.

चारुता: मी एकदा आले होते भेटायला, तेव्हा बघितलं होतं.

जयप्रकाश: मग दाम्या गेला. लायडनला अंत्यविधी. शोभाला म्हटलं, जाऊन येतो. ती म्हणाली, ये. तिथं आत बसायचं म्हणून फोन बंद केला. शोभा पाणी मागायला लागली. नवीन पोर होती ड्यूटीवर. इंग्रजीत पॅनिक म्हणतात ना, त्याला इथं पानीक म्हणतात.

चारुता: हो. अरे देवा.

जयप्रकाश: तिला वाटलं, बाई सांगतायत, मला पानीक होतंय, जीव घाबरा होतोय. त्यात शोभा तोंड उघडून श्वास घ्यायची. त्या पोरीनं डॉक्टरला विचारलं. डॉक्टर म्हणाले, शांत राहायचं औषध द्या, पण आधी घरच्यांना विचारा. माझा फोन बंद. मग त्यांनी धवलला लावला.

चारुता: धवलनं ऐकलं का काकूंना? फोनवर?

जयप्रकाश: नाही. तो मीटिंगमध्ये होता, बाहेर येऊन बोलला. त्यांनी सांगितलं, तुमची आई खूप घाबरलीय, सारखं पानीक पानीक म्हणतेय. तो म्हणाला, द्या लगेच. कोणता मुलगा नाही म्हणेल? ती झोपली. मी आलो तेव्हा झोपेतच होती. पुन्हा जागी झालीच नाही. दोन दिवसांनी गेली.

चारुता: तुम्हाला कसं कळलं मग?

जयप्रकाश: त्या पोरीनंच सांगितलं, चांगल्या मनानं. म्हणाली, तुम्ही नव्हता तेव्हा त्या फार घाबरल्या होत्या हो. मी म्हटलं, काय म्हणत होती? तिनं म्हणून दाखवलं. अगदी शोभासारखं. शेवटचा 'क' नव्हता त्यात.

चारुता: तुम्ही बोलला नाहीत तिला?

जयप्रकाश: काय बोलू? विशीतली पोर. माझा हात धरून बसली होती.

चारुता: त्यांना हा शब्द कुणी आधी सांगितला नव्हता?

जयप्रकाश: मी असायचो ना रोज. सांगायची वेळच आली नाही.

चारुता: त्या औषधानं काही... म्हणजे काकू त्यानं नाही ना...

जयप्रकाश: नाही. डॉक्टरांना विचारलं मी. म्हणाले, त्या जाणारच होत्या, फरक पडला नसता. असेलही. पण तहानलेली गेली, चारुता. दोन घोटांचं काम होतं.

चारुता: काका, मला कळतंय. पण हे अंकात? लोक फराळ करता करता वाचणार. कमिटीचं एक सोडा, मी भांडेन त्यांच्याशी. पण धवल वाचेल ना.

जयप्रकाश: त्याला कुठं वाचता येतं मराठी? म्हणून तर मराठीत लिहायचंय. त्याला सांगायचं नाही मला. कधीच नाही. पण तिनं मागितलं होतं, हे कुठंतरी राहिलं पाहिजे. मी गेलो की ते कुणालाच माहीत नसणार. जणू तिनं मागितलंच नाही.

चारुता: काका, आता वाचता यायला लागत नाही.

जयप्रकाश: म्हणजे?

चारुता: फोनचा कॅमेरा अक्षरांवर धरला की भाषांतर येतं. डचमध्ये, इंग्लिशमध्ये, हव्या त्या. माझी लेक आजीचे मेसेज तसेच वाचते.

जयप्रकाश: मराठीचं पण?

चारुता: मराठीचं पण. थोडं चुकतं, पण कळतं.

जयप्रकाश: हे शब्द कळतील त्याला?

चारुता: हे तर साधे आहेत काका. हे बरोबर येतील.

जयप्रकाश: आणि तो आईचं पान बघणारच.

चारुता: बघणारच. मंडळ तुम्हाला घरी अंक पाठवणार. तो हातात घेईल.

जयप्रकाश: म्हणजे मराठीतही जागा राहिली नाही.

चारुता: मी माझ्याजवळ लिहून ठेवू का? अंकात नाही, असंच.

जयप्रकाश: तुझ्याजवळ ठेवून काय होणार? तुम्ही दोन वर्षांनी परमिट संपलं की पुण्याला जाणार, नाहीतर अजून कुठं. तुला काय ओझं. शेवटच्या दोन ओळी काढ.

चारुता: नक्की?

जयप्रकाश: काढ म्हटलं ना. तो येईल इतक्यात.

(दार उघडल्याचा, पिशव्या ठेवल्याचा आवाज.)

धवल: बाबा, आल्बर्ट हाइनमध्ये कोथिंबीर नव्हता. पीटरसेली आणलीय. सेम दिसते. हाय चारुता.

चारुता: हाय धवल.

जयप्रकाश: दिसते तशी. चालेल.

धवल: झालं का आईचं? मी बघू?

चारुता: अजून नीट केलं नाहीये रे. कच्चं आहे.

धवल: इट्स ओके. स्क्रीन इकडे कर, मी फोननं बघतो. ते आता छान ट्रान्सलेट करतं.

चारुता: थांब, मी वाचते ना. तुला ऐकून जास्त कळेल. भाषांतरात मजा जाते.

धवल: ओके. वाच. आईचंच वाच आधी.

चारुता: "शोभा जयप्रकाश गाडगीळ, माहेर सांगली. चाळीस वर्षांच्या वर त्या फोरबर्गमध्ये राहिल्या."

धवल: हं.

चारुता: "त्यांनी... त्यांनी इथल्या कितीतरी बायकांना शिवण शिकवलं. मुलाशी त्या कायम मराठीतच बोलल्या."

धवल: ते खरं आहे. माझ्या मित्रांशी पण मराठी बोलायची. "जेवला का?" सगळ्यांना. मग?

चारुता: एवढंच. चार ओळी झाल्या.

धवल: पण तुझं बोट वरच थांबलंय, खाली अजून आहे. दोन ओळी दिसतायत ना.

चारुता: ते... ते काढायचंय. ते चुकून राहिलंय. हे बघ, काढलं.

धवल: शेवटचं काही नाही लिहिलं? ती कशी गेली?

जयप्रकाश: कशाला ते. आजारपण कुणाला वाचायचं असतं.

धवल: नाही बाबा, चांगलं होतं ते. म्हणजे, वाईट होतं, पण... मी कधी सांगितलं नाही तुम्हाला नीट. तुम्ही लायडनला होता तेव्हा तिला पानीक झालं होतं. नर्सनी मला फोन केला.

जयप्रकाश: हो. सांगितलं त्यांनी मला.

धवल: मी लगेच म्हटलं, द्या औषध, वाट बघू नका. मग ती शांत झोपली. बाबा, मी किती वर्षं फक्त संडेला आलो. दहा मिनिटं, कॉफी, मग गेलो. मला ते माहीत आहे. पण त्या दिवशी मी फोन उचलला. एक गोष्ट मी बरोबर केली आईसाठी. रात्री झोप येत नाही ना, तेव्हा मी तेच आठवतो. ते लिहिता येईल का, चारुता? की शेवटी तिला त्रास झाला तेव्हा मुलगा होता. ती शांत गेली. असं काहीतरी, चांगल्या मराठीत.

चारुता: काका?

धवल: बाबा, नको असेल तर नको.

जयप्रकाश: लिही, चारुता. तो म्हणतो तसं लिही.