सुनंदाकडून पुन्हा लिहून घेतलेलं पान

मंडळी, दुपारची पाळी सोडून तुम्ही लिंबायतच्या या हॉलमध्ये सुनंदाच्या शोकसभेला आलात. मी बोलणारा माणूस नाही. आयुष्य लूमच्या खडखडाटात गेलं. पण सुनंदा माझी धाकटी बहीण. मी नाही बोलायचं तर कोणी?

ती इंग्लंडहून डॉक्टरेट घेऊन आली, इथल्या कॉलेजात शिकवायला लागली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे काय झालं, ते तिने फक्त मला सांगितलं होतं.

तिचा अभ्यास लूम कामगारांच्या, आवाजाने बहिऱ्या होत जाणाऱ्या कानांवर होता. आमच्या वडिलांच्याच कानांवर, म्हणा ना. पहिलं प्रकरण तिने लिहून दिलं. गोऱ्या प्राध्यापकांनी वाचून विचारलं, हे तुला कोणी लिहून दिलं? इंग्रजी फार चांगलं होतं, एवढाच गुन्हा. तिला एका खोलीत बसवलं, समोर दोघं बसले, आणि एक पान लिहून दाखव म्हणाले. वर्गात बाकी सगळे गोरे. त्यांच्यातल्या एकालाही नाही. फक्त हिला.

तिने लिहिलं. त्यांनी वाचलं, ठीक आहे म्हणाले. माफी? नाही.

त्या दिवशी फोनवर ती घरच्या अहिराणीत म्हणाली, “भाऊ, मी चोरी करेल नही.” चोरी केलेली नाही, असं दोनदा म्हणाली. आणि मी काय म्हणालो? आज तुमच्यासमोर कबूल करतो. मी म्हणालो, तक्रार करू नकोस, शिष्यवृत्ती जाईल, डिग्री घे आणि ये.

तिने ऐकलं नाही. “माझ्यानंतर येणाऱ्या मुलीलाही असंच बसवतील,” म्हणाली, आणि लेखी तक्रार दिली. पुढे वर्षभर मार्गदर्शक तिच्याशी कामापुरतंच बोलले. जेवायला ती एकटी बसायची. उत्तर दोन ओळींचं आलं, नोंद घेतली आहे म्हणून. मला वाटत राहिलं, काय मिळवलं हिने?

परवा, ती गेल्यावर चौथ्या दिवशी, तिच्या मोबाईलवर एका मुलीचा फोन आला. मूळची नायजेरियाची, सुनंदानंतर त्याच विभागात शिकलेली. तिचं इंग्रजी माझ्या मुलीने मला समजावून सांगितलं. तिथे आता कोणालाही असं एकट्याला बसवून लिहायला लावत नाहीत. नियम बदलला. तो कोणामुळे बदलला, हे तिने तिथल्या ऑफिसात विचारलं, तेव्हा तिला सुनंदाचं नाव कळलं. आभार मानायला फोन केला होता. मी सांगितलं, उशीर झाला. ती रडली.

सुनंदाला हे कळलंच नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय.

आता उभे राहू या, दोन मिनिटं. तिच्यासाठी, आणि परक्या वर्गात आजही एकट्या बसणाऱ्या मुलांसाठी.

सुनंदा, तुझं बरोबर होतं. तुझा भाऊ चुकला.