झुंबरबाईला गॅस नव्हता

माननीय अध्यक्षसाहेब, आज ज्यांना निरोप द्यायचा त्या डॉक्टर अनुजाबाई, व्यासपीठावरचे मान्यवर, दवाखान्यातल्या सिस्टर, वॉर्डबॉय आणि समोरच्या बंधू-भगिनींनो. झाला मान. कुणाचं नाव राहिलं असंल तर चहाच्या वेळी मला येऊन बोला.

मी आकाराम, कुरुंदवाडचा. शाळा चौथीपतोर. मला भाषण येत न्हाय आणि हार सोसत न्हाय. ह्यो टोचतोय, काढून ठेवतो.

ह्यो मागचा फ्लेक्स बघा. माझ्या मंडळीचा, झुंबरबाईचा फोटो, खाली लिवलंय, 'गॅसनं दिलं जीवदान'. ही आमच्या पुतण्याची, उदयसिंहाची करामत. कार्यक्रम बी त्येनंच ठेवलाय. मला म्हणाला, "तात्या, पाच मिनिटं बोला, गॅसचं तेवढं नीट सांगा." नीटच सांगतो की.

गेल्या साली झुंबरबाई गोठ्यात पडली. हार्ट बंद. शेजाऱ्यानं छाती दाबत दाबत गाडीत घालून हितं आणली. ठोका सुरू झाला, पण शुद्ध न्हाय. तवा अनुजाबाई बाहेर येऊन बाकावर माझ्याशेजारी बसल्या. म्हणाल्या, "काका, हृदय बंद होतं तेवढ्या वेळात मेंदूला रक्त मिळालं नाही. ते परत सुरू झालं तरी मेंदूला इजा होतच राहते. ऑक्सिजनमध्ये हायड्रोजन गॅस मिसळून दिला तर ती कमी होते का, हे आम्ही तपासतोय. निम्म्यांना तो, निम्म्यांना नेहमीचा ऑक्सिजन. कुणाला काय ते कॉम्प्युटर ठरवतो. मलाही कळत नाही."

मी म्हटलं, "म्हंजे बैलगाडीच्या शर्यतीला नंबर चिठ्ठी टाकून काढत्यात तसं?"

"तसंच. आणि तुम्ही नको म्हणालात तरी बाकीचे उपचार सगळे होणार."

मी हो म्हटलं.

शेजारच्या खाटेवर गडहिंग्लजचे रुद्रय्या होते. तोच आजार, तशीच चिठ्ठी. बाहेर त्यांच्या मंडळी शांतादेवी आणि मी एकाच बाकावर. त्यांची भाकरी, माझा चहा. तिथं ह्यो उदयसिंह मोबाईल नाचवत आला. "तात्या, आमदारसाहेबांचा फोन गेलाय डॉक्टरबाईंना. काकीला खराच गॅस लागणार. आपली माणसं हाईत." साऱ्या पॅसेजनं ऐकलं. शांतादेवींनी बी.

फोन गेलता, ते खरं. त्याला उत्तर काय मिळालं ते ह्यो सांगत न्हाय. मी तवा बाईंच्या केबिनमध्ये समोर बसलोतो. बाई म्हणाल्या, "साहेब, कुठल्या सिलिंडरमध्ये काय आहे ते मलाच माहीत नाही, तुम्हाला काय देऊ?" आणि फोन ठेवला.

रुद्रय्या गेले. झुंबरबाईनं डोळं उघडलं. त्या दिवसापास्नं शांतादेवी माझ्याशी बोलल्या न्हाईत. का बोलाव्यात? आपल्याकडं फोनशिवाय काय मिळतंय?

आता तपासणी संपली, चिठ्ठ्या उघडल्या. बाईंनी ज्याचं त्याला सांगितलं. झुंबरबाईला गॅस नव्हता. नेहमीचा ऑक्सिजन होता. उदयसिंह, खाली बघू नगंस. तुला म्हायती असून फ्लेक्स छापलास. वर आयसीयूबाहेर आज बी माणसं बसल्यात. हे वाचून उद्या ती गॅस मागायला लागतील.

मगाशी दारात शांतादेवी भेटल्या. वर्षानं बोलल्या. "अण्णा, बाई सांगतात गॅस आमच्या ह्यांना होता. मग तुमची कशी उठली?" हे मी त्यांना विचारूनच बोलतोय. म्हणाल्या, "बोला, मला सगळ्यांसमोर ऐकायचंय."

काय सांगू? मी बी बाईंना हेच विचारलंतं. त्या म्हणाल्या, "मला माहीत नाही, काका. दोन्हीकडची माणसं जवळजवळ सारखीच वाचली. गॅसचा उपयोग दिसला नाही." एवढी वर्षं राबून हे तोंडावर सांगितलं. माझ्या लेखी सत्कार त्याचा. पण शांतादेवी, ह्यानं तुमचं समाधान होत न्हाय, ठावं हाय मला. माझं बी होत न्हाय.

आणि उठली म्हंजे काय, ते बी ऐका. ती बघा, पहिल्या ओळीत बसलीय. भाकरी थापती. म्हशींची नावं सगळी येत्यात. माझं येत न्हाय. सकाळी चहा दिला की म्हणती, "बसा की पावणं, कुणाकडं आलाय?"

मी म्हणतो, "तुमच्याकडंच."

अनुजाबाई, जिथं जाशीला तिथं असंच खरं सांगत ऱ्हावा. तुमचे लई उपकार.

शांतादेवी, तिच्या शेजारची खुर्ची माझी हाय. तिथं येऊन बसा, मी उभा ऱ्हातो. ती विचारंल, "कुठल्या तुम्ही?" वाईट वाटून घेऊ नका. मला बी रोज विचारती.

एवढं ऐकून घेतलंसा, बरं वाटलं. तोंडातनं काय वाकडं गेलं असंल तर पोटात घाला. आणि त्यो फ्लेक्स उतरवा.