लाइट गेली असं सांगायचं

ओबिओरा : पैसे तेच, मॅडम. त्या पैशात हा डेस्कटॉप त्याचा गेम पळवेल. हा लॅपटॉप नुसता ढकलत नेईल. लंडनला कोणीतरी वापरून फेकलेला माल आहे, बॅटरीसुद्धा म्हातारी.

मोरेनिके : पण चालेल ना?

ओबिओरा : चालेल की. जरा वेळ खेळला की असा तापेल, वर केळ्याचे काप तळून घ्या.

कोरेदे : ऐकलंस, ताई?

मोरेनिके : ऐकलं. ज्याला जे खपवायचं असतं, ते तो गोड करून सांगतो.

ओबिओरा : अरे देवा! मॅडम, नफा मला लॅपटॉपवर जास्त आहे. मी माझ्याच पोटावर पाय आणतोय इथे. इकेजाच्या मार्केटात असा दुकानदार दाखवा दुसरा.

मोरेनिके : डेस्कटॉप रोज इकडून तिकडे नेता येतो?

ओबिओरा : कुठे न्यायचाय?

कोरेदे : कुठेच नाही. माझ्या टेबलावर राहील तो.

मोरेनिके : वॉर्डात न्यायचाय.

कोरेदे : झालं! हिने मला दुकानातच अ‍ॅडमिट करून टाकलं.

मोरेनिके : ओगा साहेब, माझ्या या भावाला सिकल सेल आहे. ईस्टर झाल्यापासून घरी कमी आणि वॉर्डात जास्त असतो. मला भिशी लागली म्हणून आलो. पुन्हा नंबर कधी यायचा कोण जाणे. एकच काहीतरी घेता येईल.

ओबिओरा : माफ करा. त्याच्याकडे बघून वाटत नाही तसं.

कोरेदे : डोळे पिवळे दिसत नाहीत? मग ट्यूब झकास आहे तुमची.

ओबिओरा : बरं चॅम्पियन, घरी लाइट किती वेळ असते?

मोरेनिके : पहाटे येते, अंगाला साबण लावला की जाते. जनरेटर आहे, ते छोटंसं. 'शेजाऱ्यापेक्षा मी बरा' म्हणतात ना लोक, तेच.

ओबिओरा : त्याच्यावर डेस्कटॉप? अहो, त्याच्यावर पंखा लावला तर बल्ब मान टाकतो.

मोरेनिके : तेच म्हणतेय मी. वॉर्डात लाइट कधी जात नाही. तिथलं जनरेटर ट्रकएवढं आहे.

कोरेदे : म्हणून तिथेच राहायला जाऊ का? ओगा, मला जरा खेळून बघू द्या. घ्यायचाय तर हात लावून बघायला नको?

ओबिओरा : बस, बस. खुर्ची ओढ.

कोरेदे : बघ ताई! कुठे अडकतंय का? लोणी आहे लोणी! ए क्वेकु, डावीकडे ये! डावीकडे, गाढवा!

मोरेनिके : हा कोण?

कोरेदे : आमच्या टीमचा. चौघं आहोत. क्वेकु अक्राचा, बाकीचे दोघं जोस शहरातले. थांब, माइक बंद करतो.

मोरेनिके : त्यांना माहितीये?

कोरेदे : काय?

मोरेनिके : कोरेदे.

कोरेदे : नाही. दुखायला लागलं की मी लिहितो, लाइट गेली. पुढे कोणी विचारत नाही. सगळ्यांचीच जाते.

मोरेनिके : आणि आठवडाभर वॉर्डात असलास की?

कोरेदे : ट्रान्सफॉर्मर जळाला. क्वेकु म्हणतो, तुमच्या गल्लीने मोर्चा काढायला पाहिजे.

मोरेनिके : हसू नकोस.

कोरेदे : लॅपटॉप घेतला की वॉर्डातून खेळायचं. माइकमधून सिस्टरचा आवाज जाणार. बाजूच्या खाटेवरचे काका कण्हतात, ते जाणार. मग मी त्यांचा चौथा गडी राहणार नाही, ताई. पेशंट होईन. मला सांभाळून घेत खेळतील. तसलं खेळणं नकोय मला.

(लाइट जाते. डेस्कटॉपचा पडदा काळा होतो. शेजारचा लॅपटॉप चालूच राहतो.)

कोरेदे : अरे! जिंकत होतो!

ओबिओरा : थांबा, थांबा, जनरेटर लावतो. अख्ख्या मार्केटची गेलीय.

मोरेनिके : आता खरंच गेली. कळव त्यांना.

कोरेदे : मोबाइलवर क्वेकुचाच आलाय मेसेज. 'लाइट गेली ना? झोप जरा. भरपूर पाणी पी.'

मोरेनिके : लाइट गेल्यावर पाणी कशाला प्यायचं?

(कोरेदे मेसेज पुन्हा वाचतो.)

मोरेनिके : पाणी पी असं तुला डॉक्टर सांगतात. मी सांगते.

कोरेदे : म्हणजे माहितीये त्याला.

मोरेनिके : कदाचित उगाच लिहिलं असेल. लोक लिहितात काहीही.

कोरेदे : परवा गोल समोर मोकळा होता त्याच्या. मारला नाही. मला पास दिला. मी किती उड्या मारल्या घरभर, आठवतं?

मोरेनिके : तू मारलास म्हणून गोल झाला.

कोरेदे : आधीपासूनच सांभाळून घेतायत ते मला.

मोरेनिके : डेस्कटॉप घेऊया. ऐक ना. टेबलावर ठेवू. लाइटचं बघू काहीतरी, मी बघते.

कोरेदे : काय बघणार आहेस तू?

मोरेनिके : माहीत नाही.

ओबिओरा : लागलं एकदाचं जनरेटर! हं, बोला मॅडम, कोणतं बांधू?

कोरेदे : लॅपटॉप. आणि ओगा, एक लांब वायरचा बोर्ड पण द्या. वॉर्डात खिडकीकडच्या खाटेपासून प्लग लांब पडतो.